‘एजंटने एकाच विक्रीची तीन बिले केली’ या अभिप्रायास उत्तर

सप्रेम नमस्कार,

आमच्या बिलिंग सॉफ्टवेअरला आपण एक तारा दिला आहे आणि त्याची कारणेही नेमकी लिहिली आहेत. आपण आमची टूल्स, म्हणजे बिल करण्यासारखी एकेक कामे करून देणाऱ्या सुविधा, आपल्या वतीने कामे करणाऱ्या एआय एजंटला जोडून दिलीत. त्याने एकाच विक्रीची तीन बिले केली, 3 एप्रिलच्या बिलावर 4 मार्च ही तारीख घातली, आणि गोव्यातील ग्राहकाचे बिल करताना ‘अवैध विनंती’ एवढाच एरर मेसेज मिळाल्यामुळे तो तिथेच अडकला. त्यावर आमच्या सपोर्ट विभागाने ‘एजंट चुकला, सॉफ्टवेअर व्यवस्थित आहे’ असे कळवले. ते उत्तर मी मागे घेतो आणि त्याबद्दल आपली क्षमा मागतो. आपल्या खात्याच्या नोंदी मी स्वतः वाचल्या असून, तीनही ठिकाणी दोष आम्ही लिहिलेल्या माहितीत आहे.

एआय मॉडेलला बाहेरची टूल्स जोडण्याची मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल ही पद्धत नोव्हेंबर 2024 मध्ये अँथ्रॉपिक या एआय कंपनीने खुली केली आणि आम्हीही आमची टूल्स तिच्याद्वारेच उपलब्ध करून दिली आहेत. या पद्धतीत प्रत्येक टूलचे नाव, त्याचे वर्णन आणि त्याला द्यायच्या माहितीचा आराखडा एवढेच एजंटला चालवणाऱ्या मॉडेलपुढे येते, आणि कोणते टूल केव्हा वापरायचे हे ते त्यावरूनच ठरवते. आमच्याकडे ‘सेव्ह बिल’ आणि ‘पोस्ट बिल’ अशी दोन टूल्स होती व दोन्हींचे वर्णन ‘बिल तयार करते’ असेच होते. हिशेब लिहिणाऱ्या कोणालाही ‘पोस्ट करणे’ म्हणजे पक्की नोंद करणे हे ठाऊक असते, म्हणून ते लिहायची गरज आम्हाला कधी वाटलीच नाही. माणूस अशा वेळी शेजारच्या सहकाऱ्याला विचारतो किंवा आम्हाला फोन करतो. एजंटजवळ मात्र आम्ही लिहिलेल्या त्या तीन शब्दांपलीकडे काहीही नव्हते.

तीन बिलांचे कारण असे की पहिली विनंती आमच्या सर्व्हरवर पूर्ण झाली, पण उत्तर पोहोचण्याआधी टाइमआउट झाला, म्हणजे वाट पाहण्याची मुदत संपली, आणि एजंटने तीच विनंती आणखी दोनदा पाठवली. प्रत्येक विनंतीसोबत एक स्वतंत्र खूण पाठवली, तर तीच खूण पुन्हा आल्यावर आमची यंत्रणा नवे बिल न करता आधीचेच बिल परत देते. ही सोय आमच्याकडे पूर्वीपासून होती, परंतु तिचा उल्लेख केवळ पीडीएफ माहितीपुस्तिकेत, तोही ‘ऐच्छिक’ म्हणून होता, आणि एजंटपुढे ती पुस्तिका कधी येतच नव्हती. याचा आपल्याला किती त्रास झाला असेल याची मला पूर्ण कल्पना आहे, कारण जीएसटीच्या नियमांनुसार बिलांचे क्रमांक सलग असावे लागतात, जादा बिले नुसती पुसून टाकता येत नाहीत आणि रद्द केलेल्या क्रमांकांचा हिशेब जीएसटीआर-1 या विक्रीच्या विवरणपत्राच्या तक्ता 13 मध्ये द्यावा लागतो. आता ही खूण सक्तीची आहे, आणि ‘टाइमआउट झाल्यास तीच खूण वापरून पुन्हा विनंती करा’ असे टूलच्या वर्णनातच लिहिले आहे.

तारखेच्या रकान्यापुढे आम्ही फक्त ‘तारीख’ असे लिहिले होते. 03/04/2025 हा आकडा आपल्याकडे 3 एप्रिल असा वाचला जातो, अमेरिकेत 4 मार्च असा. आणि आर्थिक वर्ष 1 एप्रिलला सुरू होत असल्यामुळे आपले ते बिल थेट 2024-25 मध्ये जाऊन बसले. आता 2025-04-03 याच रूपातील तारीख स्वीकारली जाते आणि वर्णनात तसे उदाहरणही दिले आहे. राज्याच्या रकान्यात एजंटने ‘गोवा’ असे लिहिले, तर यंत्रणेला 30 हा जीएसटीचा राज्य संकेतांक हवा होता. यापुढे एरर मेसेजमध्ये कोणत्या रकान्यात काय आले, काय अपेक्षित आहे आणि महाराष्ट्रासाठी 27, गोव्यासाठी 30 अशी उदाहरणे दिसतील.

आपल्या दोन सूचना मात्र मी स्वीकारू शकत नाही. सर्वच सुविधा एजंटला खुल्या कराव्यात असे आपण म्हणता. परंतु प्रत्येक टूलचे वर्णन मॉडेलच्या मर्यादित वाचनकक्षेत, म्हणजे ते एका वेळी वाचू शकते तेवढ्या मजकुरात, जागा घेते, आणि एकसारखी टूल्स वाढली की निवड चुकण्याची शक्यताही वाढते. बिल रद्द करताना माणसाची संमती मागू नये ही दुसरी सूचना. टूल धोकादायक आहे असे प्रोटोकॉलमध्ये नोंदवता येते, पण ती केवळ सूचना असते, ती पाळली जाईलच याची खात्री नसते. म्हणून संमतीची अट आम्ही आमच्या सर्व्हरवर ठेवली आहे आणि ती तशीच राहील.

नवी वर्णने प्रसिद्ध करण्यापूर्वी आम्ही ती चाचणी खात्यात एका कोऱ्या एजंटला दिली, दुसरी कोणतीही माहिती न देता त्याच्याकडून बिले करून घेतली आणि तो अडखळला तेथील वाक्ये पुन्हा लिहिली.

आपल्या दोन्ही जादा बिलांची व चुकीच्या तारखेच्या बिलाची यादी आपल्या सीएंना उपयोगी पडेल अशा स्वरूपात ई-मेलने पाठवली असून, या तिमाहीचे शुल्क परत केले आहे. क्रेडिट नोटच्या टूलचे वर्णन अजून माझ्या मनासारखे झालेले नाही, त्यामुळे ते तयार होईपर्यंत हे टूल एजंटसाठी बंद राहील आणि क्रेडिट नोट आपल्याला स्क्रीनवरूनच करावी लागेल.