‘दुखणार नाही’ असे मुलांना सांगू नका

आज सकाळी वडिलांची उपाशीपोटीची साखर तपासायला एका लॅबमध्ये गेलो होतो. तिथे जे पाहिले त्याचा राग संध्याकाळ झाली तरी उतरलेला नाही, म्हणून लिहितो आहे. पाच-सहा वर्षांचा, तापाने मलूल झालेला एक मुलगा आईची ओढणी घट्ट धरून रांगेत उभा होता. त्याचा नंबर आला तेव्हा तिथल्या माणसाने आईला सांगितले, ‘‘ताई, तुम्ही बाहेर थांबा. आई समोर असली की मुलं जास्त रडतात.’’ पडदा ओढला गेला. दोघांनी त्या पोराला टेबलावर आडवे दाबून धरले आणि तिसऱ्याने सुई टोचली. तो ‘आई, आई’ अशा हाका मारत होता आणि ती माउली चार पावलांवर, एका कापडी पडद्याच्या अलीकडे उभी होती. तो हुंदके देत बाहेर आला तेव्हा बाकावर बसलेले एक गृहस्थ म्हणाले, ‘‘मुलगा असून रडतोस?’’ थोड्या वेळाने निरोप आला की नमुना गोठला आहे, पुन्हा घ्यावा लागेल.

ज्या आईला आपण रात्रभर मुलाच्या उशाशी बसायला लावतो, तिलाच नेमक्या त्या दोन मिनिटांसाठी बाहेर काढण्याचा अधिकार कोणी कोणाला दिला? आई जवळ असली की मूल मोकळेपणाने रडते, हे खरे आहे. मग रडू द्यावे. आई नसताना ते कमी रडते याचा अर्थ त्याला कमी दुखते असा नव्हे.

मागच्या पावसाळ्यात माझ्या मुलीला डेंग्यू झाला होता. प्लेटलेट्स बघण्यासाठी वरचेवर रक्त द्यावे लागत होते, आणि तापाने अंगातले पाणी कमी झाल्यामुळे शीर काही केल्या सापडत नव्हती. त्या वेळी एका छोट्या लॅबमध्ये रक्त घेणाऱ्या ज्या मावशी भेटल्या, त्यांना मी जन्मात विसरणार नाही. मुलीने मला विचारले, ‘‘बाबा, दुखेल का?’’ मी म्हणालो, ‘‘हो, टोचताना दुखेल. मी तुझा हात सोडणार नाही.’’ मावशींनी तिला आडवे केले नाही. माझ्या मांडीवर बसवले, दोन्ही हात पाहिले आणि तिलाच विचारले, ‘‘बाळा, कोणता हात देतेस?’’ तिने डावा दिला. मग तिला तिनाचा पाढा मोठ्याने म्हणायला सांगितले. ‘तीन चोक बारा’ला सुई गेली, ती किंचाळली, आणि शीर मिळालीच नाही. मावशींनी सुई आत फिरवत शोधाशोध केली नाही. सरळ बाहेर काढली आणि मुलीकडे बघून म्हणाल्या, ‘‘नाही मिळाली गं. पाणी पी, हात शेकू या, मग दुसऱ्या हाताचं बघू.’’

एका सहा वर्षांच्या मुलीशी एवढ्या सरळपणे बोलणारी मोठी माणसे मी फार कमी पाहिली आहेत.

आपल्याकडे काय बोलले जाते ते सर्वांना ठाऊक आहे. मुंगी चावल्यासारखे होईल. काही नाही, नुसता हात बघणार आहेत. एकदा खोटे निघाले की पुढच्या वेळी ते मूल आपल्या कोणत्याही शब्दावर का विश्वास ठेवेल? जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये लसीकरणाच्या वेदनेविषयी भूमिका मांडताना हेच सांगितले होते: पालक जवळ असावेत, लहान मुलांना त्यांनीच धरावे, मोठ्या मुलांना बसते ठेवावे, खोटा दिलासा देऊ नये. रक्ताच्या सुईला हे लागू नाही असे कोण म्हणेल? आणि घरोघरी दिली जाणारी ती धमकी, ‘जेवला नाहीस तर डॉक्टरकाका सुई टोचतील’, ती तर आजपासून बंदच करा. सुई ही शिक्षा असते असे आपणच शिकवायचे आणि तापाने फणफणलेल्या मुलाला त्याच सुईपुढे नेऊन शहाण्यासारखे वागायला सांगायचे, हा अन्याय आहे.

आज सकाळी गोठलेल्या त्या नमुन्याबद्दलही बोलले पाहिजे, कारण दोष अखेर मुलावरच आला: ‘फार हात हलवतो.’ सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजण्याची तपासणी, तिच्या जांभळ्या झाकणाच्या नळीत रक्त गोठू नये म्हणून औषध असते. पण रक्त थेंबाथेंबाने आले आणि लगेच नीट मिसळले गेले नाही तर त्यात गुठळ्या होतात, आणि त्या गुठळ्यांमुळे प्लेटलेट्स आहेत त्याहून कमी दिसू शकतात. डेंग्यूच्या दिवसांत असा खोटा आकडा घरच्यांची झोप उडवतो. म्हणजे मुलाला शांत करण्यात घालवलेली पाच मिनिटे ही मेहेरबानी नव्हे, तो तपासणीचाच भाग आहे.

लॅबमधल्या माणसांपुढे सकाळी रांग असते आणि पगार तुटपुंजा असतो, हे मान्य. जीव धोक्यात असेल तेव्हा धरावेच लागते, हेही मान्य. आज तसे काहीही नव्हते.

त्या मावशींपुढेही रांग होतीच. तरी त्यांनी गरम पाण्यात बुडवून पिळलेला रुमाल माझ्या मुलीच्या हाताला गुंडाळला आणि मधल्या वेळात दुसऱ्याचे रक्त घेतले. नंतर बारीक, धरायला दोन पंखांसारख्या पट्ट्या असलेल्या सुईने पहिल्याच टोचण्यात शीर मिळाली. मुलगी तेव्हाही रडली, आणि कोणीही तिला गप्प बस म्हणाले नाही. पुढच्या तपासणीला तीच म्हणाली, ‘‘त्या मावशींकडेच जाऊ.’’

ज्यांना मुलाला घेऊन जायचे आहे त्यांनी एवढे जरूर करावे. सीबीसीसाठी मुलाला उपाशी ठेवण्याची गरज नसते, आणि बहुतेक उपाशीपोटीच्या तपासण्यांनाही साधे पाणी चालते. डॉक्टरांना विचारून ते भरपूर पाजावे, शीर लवकर सापडते. लिग्नोकेन आणि प्रिलोकेनचे बधिर करणारे मलम मिळते, ते साधारण तासभर आधी लावून झाकून ठेवावे लागते. तान्ह्या बाळांसाठी आणि वारंवार रक्त द्यावे लागणाऱ्या मुलांसाठी त्याबद्दल आपल्या डॉक्टरांशी आधीच बोलून घ्यावे. मुलांसाठीच्या छोट्या नळ्या असतात, त्यांत अर्धा मिलिलीटर रक्तही सीबीसीला पुरते. त्या आहेत का, हे फोनवरच विचारावे. आणि ‘पालक बाहेर थांबतील’ असे उत्तर आले तर दुसरी लॅब शोधावी.

सोमवारी दुपारी, गर्दी ओसरल्यावर, मी त्या लॅबच्या मालकांना भेटायला जाणार आहे. भांडायला नाही, मूल आत असेल तेव्हा आई किंवा वडील सोबत राहतील एवढा एक नियम त्यांनी दारावर लावावा, ही विनंती करायला. आमच्या भागातल्या ज्या पालकांना सोबत यायचे असेल त्यांनी मला इनबॉक्समध्ये कळवावे.