सूर्य लांब गेलेला नाही, मावशी

फेब्रुवारीचा दुसरा आठवडा उजाडला की घरच्या ग्रुपवर तो मेसेज हमखास येतो. गेल्या साली मेहुण्यांनी टाकला होता, यंदा थोरल्या मावशीने. मजकूर थोडक्यात असा: "उद्या पहाटे 5 वाजून 27 मिनिटांनी ॲफेलियन सुरू होत आहे. पृथ्वी सूर्यापासून फार लांब जाणार. नेहमीचं अंतर 5 प्रकाशमिनिटं, म्हणजे 9 कोटी किलोमीटर. आता ते 15 कोटी 20 लाख होईल, म्हणजे 66 टक्के जास्त. हे ऑगस्टपर्यंत चालेल. हवा गेल्या वर्षीपेक्षा गार राहील. अंगदुखी, घसादुखी, ताप, खोकला होईल. काळजी घ्या, सर्वांना पाठवा." साल बदलतं, 5:27 काही बदलत नाही.

मावशी निफाड तालुक्यात राहते. सकाळी अंगणात पाय ठेवला तर फरशी चावते, दुपारी तिथेच अनवाणी उभं राहवत नाही, आणि घरातलं निम्मं माणूस खोकतंय. अशा वेळी कुणी कारण सांगितलं तर पटणारच. खोकला खरा आहे, कारण मात्र साफ खोटं आहे. तेव्हा एकेक मुद्दा घेते.

"नेहमीचं अंतर 9 कोटी किलोमीटर." नाही. सरासरी अंतर सुमारे 14 कोटी 96 लाख किलोमीटर. सूर्याचा उजेड आपल्यापर्यंत यायला 8 मिनिटं 20 सेकंद लागतात, हे आपण शाळेत पाठ केलंय. 5 मिनिटं कुठून आली? शुक्र सूर्यापासून 10 कोटी 80 लाख किलोमीटरवर फिरतो. म्हणजे 9 कोटींवर आपण शुक्राच्याही आत असतो आणि आतापेक्षा पावणेतीन पट ऊन खात असतो. शिवाय 9 कोटींचे 15 कोटी 20 लाख झाले तर वाढ 66 नव्हे, जवळजवळ 69 टक्के होते. थाप मारायची तर निदान हिशेब तरी नीट करावा.

"पृथ्वी आता लांब जाणार." 15 कोटी 20 लाख हा त्या मेसेजमधला एकच बरोबर आकडा, पण तो जुलैचा आहे. पृथ्वी सूर्यापासून सर्वांत लांब असते ती स्थिती म्हणजे अपसूर्य, इंग्रजीत ॲफेलियन, भूगोलाच्या पुस्तकात आकृतीसकट होती. ती येते जुलैच्या पहिल्या आठवड्यात, आणि तो एक क्षण असतो, काही महिने चालणारा प्रयोग नव्हे. उलट जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते, 14 कोटी 71 लाखांवर. फरक फक्त 50 लाख किलोमीटरचा, तीन-साडेतीन टक्के. त्यामुळे जानेवारीत पृथ्वीला जुलैपेक्षा सुमारे 7 टक्के जास्तच ऊन मिळतं.

फेब्रुवारीत पृथ्वी हळूहळू लांब सरकत असते, एवढं मान्य. पण एप्रिल लागेपर्यंत ती सरासरीपेक्षा जवळच असते. आणि ती लांब जाते तसतसा आपल्याकडे उन्हाळा तापत जातो. वैशाख वणवा आपण पृथ्वी लांब गेल्यावर सोसतो, मावशी.

यात एक गंमत आहे. सूर्याजवळ असताना पृथ्वी जरा जोरात पळते. कालनिर्णय काढा आणि दिवस-रात्र समान असण्याच्या दोन तारखा बघा: 20 मार्चपासून 23 सप्टेंबरपर्यंत साधारण 186 दिवस भरतात, तिथून परत मार्चपर्यंत 179. आपल्या वर्षाचा थंडीकडचा अर्धा भाग आठवडाभर आखूड आहे तो याच जवळिकीमुळे.

"म्हणून थंडी." अंतरामुळे थंडी पडत असती तर ती सगळ्या पृथ्वीवर एकदम पडली असती. डिसेंबरात आपण पहाटे रजईत बसून मेलबर्नची कसोटी बघतो, तेव्हा तिथले प्रेक्षक टोप्या घालून उन्हात भाजत असतात. सूर्य त्यांनाही तेवढाच लांब. ऋतू होतात पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांनी कललाय म्हणून. नाशिकला 22 डिसेंबरच्या दुपारी सूर्य क्षितिजापासून 46-47 अंशच वर येतो. 20 फेब्रुवारीला तो 59 अंशांपर्यंत चढलेला असतो, आणि मेच्या 20 तारखेच्या आसपास थेट डोक्यावर येऊन सावली पायाखाली घेतो.

मेसेज ज्याबद्दल बोलतच नाही ती गोष्ट मात्र खरी विचारण्यासारखी आहे: एकाच दिवशी थंडी आणि ऊन कसं? नाशिक-पुण्याकडे फेब्रुवारीत पहाटे 11 आणि दुपारी 31 अंश हे काही नवल नाही. आमच्याकडे याचा पंचांगकर्ता म्हणजे न्हाणीघरातली खोबरेल तेलाची बाटली. हे तेल 24-25 अंशांच्या आसपास वितळतं. सकाळी शाळेची घाई असते तेव्हा ती बाटली उलटी करून थोपटावी लागते, नाहीतर गरम पाण्याच्या तांब्यात बसवावी लागते. दुपारी एक वाजता तीच बाटली पाण्यासारखी. या सहा-सात तासांत पृथ्वी काही सूर्याकडे धावत गेली नाही. फेब्रुवारीत ती तेवढ्या वेळात काही हजार किलोमीटर आणखी लांबच सरकलेली असते. तेल तरीही वितळतं.

कारण आपल्या डोक्यावरच आहे, किंवा नाही म्हणा: ढग नाहीत. हवेत दमटपणा नाही. दिवसभर तापलेली जमीन सूर्य बुडाल्यावर आपली उष्णता वर टाकते. आभाळ भरलेलं असेल तर ढग त्यातली बरीच परत खाली पाठवतात, गोधडीसारखे. कोरडं, निरभ्र आभाळ काही अडवत नाही, आणि रात्र अजून साडेबारा तासांची आहे. जमीन सर्वांत आधी गार होते, तिला टेकलेली हवा तिच्या मागून. म्हणून महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठतं तेव्हा हवामान खात्याचा पारा शून्याच्या वरच दिसतो. तो जमिनीपासून सव्वा मीटर उंच पेटीत ठेवलेला असतो. दुपारी हीच कोरडी हवा भराभर तापते.

मग मध्येच दोन दिवस पहाटे उबदार आणि पुन्हा कडाका, हे का? भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी झंझावात हिमालयात बर्फ टाकतात. त्यांच्या शेपटाचे ढग आपल्याकडे आले की किमान तापमान वाढतं. ते सरले, आभाळ निवळलं आणि उत्तरेचे वारे सुटले की पारा घसरतो. याच झंझावातांना दक्षिणेकडचं बाष्प भेटलं तर काय होतं ते 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमधल्या गारपिटीने राज्यभर दाखवलं. द्राक्षवाले म्हणूनच आभाळावर डोळा ठेवून असतात: कडाका वाढला की मणी तडकतात, म्हणून पहाटे ठिबक चालू करायचं, बांधावर शेकोट्या पेटवायच्या, ढगाळ झालं की भुरी रोगाची धास्ती. मुंबईकरांचं गणित वेगळं. तिथे पूर्वेकडून कोरडा वारा आला आणि खारे वारे उशिरा सुटले की फेब्रुवारीतच घाम फुटतो. 25 फेब्रुवारी 1966 ला सांताक्रूझला 39.6 अंश होते.

"ऑगस्टपर्यंत गार राहील." राहिलं तर बरंच होईल! 2023 च्या फेब्रुवारीत देशाचं सरासरी कमाल तापमान 1901 पासूनच्या सगळ्या फेब्रुवारींत जास्त होतं. 2025 च्या फेब्रुवारीने सरासरी तापमानात सगळ्यांना मागे टाकलं. गव्हाचा दाणा भरायच्या दिवसांत ऊन चढलं की दाणा बारीक पडतो. भीती घालायचीच असेल तर थंडी लवकर आवरतं घेतेय, याची घाला.

"खोकला, ताप होईल." होईल की. भारतात हंगामी फ्लूचे दोन जोर असतात, एक जानेवारी ते मार्च आणि दुसरा पावसाळ्यानंतर. सर्दीचे काही विषाणू गार नाकात जास्त जोमाने वाढतात, कोरड्या हवेने घसा सुकतो, थंडीमुळे आपण खिडक्या लावून एकत्र बसतो. पहाटे गार हवेचा थर जमिनीलगत बसून राहतो, त्यामुळे शेकोटीचा आणि गाड्यांचा धूरही वर जात नाही. आजीकडे यासाठी ऋतुसंधी हा शब्द होता, आणि तो ॲफेलियनपेक्षा पुष्कळ शहाणा होता. ताप तीन दिवस उतरला नाही किंवा दम लागला तर डॉक्टरकडे जायचं, पृथ्वी कुठेही असो.

हे सगळं मी मावशीला फोनवर सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "ते राहू दे. आज रात्री गोधडी काढू का चादरीवर भागेल?"

म्हटलं, "बाहेर जाऊन बघ, चांदण्या दिसतात का."

"दिसतात. लख्ख."

"मग गोधडी काढ."