कणकेचा गोळा आणि सहा-सहा-सहा-चार

गेल्या गणपतीत आमच्या अपार्टमेंटमध्ये आरती मोबाईलवर लावली होती. ब्लूटूथ स्पीकर, आवाज झकास. ‘दास रामाचा वाट पाहे सदना’ इथवर आलं आणि मध्येच गृहकर्जाची जाहिरात! पोरं हसून बेजार. मीही हसलो. पण मला टोचलं ते वेगळंच. जाहिरात संपेपर्यंत वीस-पंचवीस माणसं गप्प उभी होती. पुढची ओळ सगळ्यांना पाठ, तरी कुणी उचलली नाही.

मी कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत वाढलो. आईचं भजन गुरुवारी असायचं, कारण शुक्रवारी रात्री अंबाबाईच्या पालखीला जायचं. पखवाजवाले काका उंबऱ्यातूनच विचारायचे, “वहिनी, कणीक?” आई लाडवाएवढा गोळा भिजवून द्यायची. काका तो पखवाजाच्या डाव्या तोंडावर थापायचे, एक थाप मारून कान लावायचे, चिमूटभर काढायचे, परत थाप. घुमारा मनासारखा होईस्तोवर सगळ्या बायका टाळ मांडीवर ठेवून बसलेल्या. पखवाजाचे एवढे लाड, गळ्यांचं मात्र कुणी काही बघायचं नाही. सुरात गाणाऱ्या दोघीच होत्या. बाकीच्या, आईसकट, आपापल्या बेतानं. जोतिबाच्या डोंगरावर ‘चांगभलं’ म्हणताना कोण सूर लावून बघतो?

आई चौथीपर्यंत शिकलेली. पण तुकोबा, नामदेव, जनाबाई यांचे कितीतरी अभंग तिला पाठ आहेत, आणि त्यातला एकही तिनं पुस्तक घेऊन पाठ केलेला नाही. शेजारणीच्या तोंडून तिच्या तोंडात आले, एवढंच.

यात अभंगाच्या बांधणीचाही हात आहे. ‘सुंदर ते ध्यान, उभे विटेवरी, कर कटावरी, ठेवोनिया’ बोटांवर मोजून बघा. सहा, सहा, सहा आणि शेवटी चारच अक्षरं. तिथं जी जागा सुटते ना, तिथं माणूस दम घेतो असं आपलं माझं मत. (छंदशास्त्रवाल्यांनी रागावू नये.) एका दमात लांब ओळ म्हणायची, मग श्वास, परत ओळ. तासभर हे केल्यावर आई भजनातून उठायची तेव्हा तिच्याकडून काहीही मागून घ्यावं.

इटलीतल्या संशोधकांनी २३ जणांना ख्रिस्ती जपमाळेची लॅटिन प्रार्थना आणि ‘ओम मणि पद्मे ओम’ हा मंत्र म्हणायला लावलं होतं. श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला, हृदयाच्या ठोक्यांची आणि रक्तदाबाची लय जुळली. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २००१ साली हे छापून आलंय. पण म्हणून ‘आरती म्हणा, बीपीची गोळी सोडा’ असले फॉरवर्ड मला पाठवू नका. गोळी घ्या आणि आरतीही म्हणा. आणि म्हणा म्हणजे तोंडानं. स्पीकर तुमच्या वाटचा श्वास घेत नाही. हातात व्हिडिओ चालू असला की टाळीही वाजत नाही.

दुसऱ्या दिवशी मी स्पीकरची पिन काढली आणि स्वतःच सुरुवात केली. दोन-चार आवाज मागून आले, जरा धीर आला. त्या जोरात ठणकावून म्हणालो, ‘लंबोदर पीतांबर फळीवर वंदना’.

खुर्चीतून आई म्हणाली, “फळीवर काय ठेवलंयस रं? फणिवरबंधना म्हण.”

आणि सगळ्यांना परत पहिल्यापासून म्हणायला लावली.