खुलासा : शेतकरी उत्पादक कंपनीत जास्त शेअर म्हणजे जास्त मतं नव्हे

निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्ष बागायतदारांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतो आहे : ‘शेतकरी उत्पादक कंपनीत ज्याचे शेअर जास्त त्याचीच सत्ता. उद्या बाहेरचा उद्योगपती शेअर विकत घेईल आणि तुमची जमीन जाईल.’ मीही तो न तपासता पुढे पाठवला होता. ती माझी चूक, म्हणून हे लिहितोय.

अशा, म्हणजे शेतकऱ्यांनीच मिळून काढलेल्या, कंपन्यांसाठीचं कंपनी कायदा २०१३ चं २१-अ प्रकरण मुळातून वाचलं. सगळे सभासद वैयक्तिक शेतकरी असतील (संस्था नव्हे), तर कलम ३७८-ड प्रमाणे प्रत्येकाला एकच मत, शेअर दहा असोत की हजार. हे शेअर खुल्या बाजारात विकता येत नाहीत. संचालक मंडळाच्या पूर्वसंमतीनं, तेही दर्शनी (म्हणजे शेअरच्या मूळ ठरलेल्या) किमतीला, दुसऱ्या सक्रिय सभासदालाच, म्हणजे कंपनीशी नियमात ठरल्याइतका व्यवहार करणाऱ्यालाच, देता येतात. आणि शेअर घेतला म्हणून सातबारा कंपनीच्या नावावर होत नाही. सहकारी संस्थेतही १९६० च्या महाराष्ट्र कायद्याच्या कलम २७ नुसार एका सभासदाला एकच मत आहे.

भीती अगदीच निराधार आहे असं मी म्हणणार नाही. कंपनी वेगळी उपकंपनी काढून तिच्यात बाहेरचं भांडवल घेऊ शकते. तिथे कुणाचा किती हिस्सा, हे वार्षिक सभेत जरूर विचारा. काही कंपन्यांची नियमावली मतदानाचा हक्क फक्त सक्रिय सभासदांनाच देते, तेही बघून घ्या.

पण तो जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल त्या ग्रुपवर हा खुलासा टाका. सभासद व्हायचं की नाही, हे शेतकऱ्याला खरी माहिती हातात असताना ठरवू द्या.