चोरपावलांना माऊसचं चाक परत द्या!

नाव स्टेल्थ गेम, म्हणजे लपतछपत खेळायचा, आणि कित्येकांत कीबोर्डवर चालण्याचा वेग एकच! पुढे चालायची डब्ल्यू की दाबली की पहारेकऱ्याच्या कानाशी धाडधाड. कंट्रोलरची दांडी किंचित ढकलली तर पाऊल हळू पडतं. साध्या कीला अर्धवट दाबणं कळतच नाही. २००५ च्या ‘स्प्लिंटर सेल: केऑस थिअरी’त माऊसच्या चाकाने वेग कमीजास्त करता यायचा. मग आता ते चाक फक्त हत्यारं बदलायला का?

त्यात मुंबईत खिडकीखाली हॉर्न, डोक्यावर पंखा. मागून येणारी पावलं ऐकणार कशी? कान पूर्ण झाकणारे हेडफोन लावा, संगीत २० टक्क्यांवर आणा, पावलांसारखे आवाज म्हणजे इफेक्ट्स १०० वर ठेवा. वाकून चालणं टॉगलवर टाका, म्हणजे की दाबून धरायला नको, एकदा दाबली की पुरे; करंगळी तरी आखडणार नाही. पण वेगाचं काय? त्याला कित्येक गेम सेटिंगच देत नाहीत!