‘माशी बदलली आणि नेम बिघडला’: एक तारा देणाऱ्या ग्राहकाला आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

आमच्या बंदूक-दुरुस्तीच्या दुकानाबद्दलचा तुमचा अभिप्राय परवा वाचला. एक तारा आणि चार तक्रारी. नवीन माशी, म्हणजे नळीच्या टोकावरचं नेम धरायचं पातं, बसवल्यापासून रिव्हॉल्व्हर खाली मारतं, एवढ्याशा पात्याचे साडेचार हजार घेतले, काम तीन महिने रखडवलं, आणि चमकणारी फायबरची माशी मागितली तर साधं काळं पातं लावून दिलं. तुमचं नाव आणि नळीवरचा नंबर मी इथे लिहीत नाही. बाकीचं मात्र सविस्तर लिहितो, कारण वडिलांची जुनी वेब्ली, म्हणजे ब्रिटिश बनावटीचं रिव्हॉल्व्हर, घेऊन येणारा दर दुसरा माणूस हेच विचारतो.

तुमची वेब्ली मार्क ४, .३२ ची. आली तेव्हा तिची माशी कुणीतरी पूर्वीच कानशीने घासून बसकी केलेली होती, आणि वरचा कोपरा चामडी म्यानात घासून गोल झालेला. नेम धरताना माशी मागच्या खाचेत दिसावी लागते. माशी बुटकी झाली की तिला त्या खाचेत आणण्यासाठी आपण नळीचं तोंड नकळत वर उचलतो, म्हणून गोळी वर जाते. तुमच्याच निशाण्याच्या कागदावर दहा मीटरवरून गोळ्या आठ सेंटिमीटर वर लागल्या होत्या.

तुमच्या रिव्हॉल्व्हरवर माशीपासून मागच्या खाचेपर्यंतचं अंतर मी १४५ मिलिमीटर मोजलं. या हिशेबाने माशी १ मिलिमीटर उंच केली की दहा मीटरवर गोळी जवळपास ७ सेंटिमीटर खाली येते. तुम्हाला हवी होती सव्वा मिलिमीटरपेक्षा थोडी कमी वाढ. मी २ मिलिमीटर दिली. हे चुकून नाही, मुद्दाम. जास्तीचं लोखंड कानशीने काढता येतं, कमी पडलेलं चिकटवता येत नाही. म्हणून नवी माशी नेहमी उंच सोडायची, गिऱ्हाइकाने आपल्या हाताने, आपल्या काडतुसांनी रेंजवर पाच-सहा गोळ्या झाडायच्या, आणि तो कागद बघून ती थोडी थोडी उतरवायची. तुम्ही लिहिलंत की आता गोळ्या सहा सेंटिमीटर खाली लागतात. आधी आठ वर, आता सहा खाली, मिळून चौदा. म्हणजे बरोबर २ मिलिमीटर. साहेब, तुमच्या तक्रारीनेच माझं माप तपासून दिलं! आता पाऊण मिलिमीटरपेक्षा थोडं जास्त उतरवायचं आहे. म्हणजे काम अर्धं झालंय आणि तुम्ही अर्ध्यावरच निकाल लावलात.

पण हे तुम्हाला कुणी नीट सांगितलं का? इथे चूक आमची. डिलिव्हरीच्या दिवशी मी बाहेर होतो. कारागिराने ‘कागद घेऊन परत या’ एवढं तोंडी सांगितलं, बिलावर काही लिहिलं नाही. साडेचार हजार मोजणाऱ्याला ‘काम पुढे आहे’ हे लेखी मिळायला हवं होतं. आता बिलावर तसा शिक्का मारतो.

आणखी एक, जे तुम्ही लिहिलं नाही पण मला माहीत आहे. नव्या पात्याचं ब्लूइंग, म्हणजे पोलादावरचा काळा-निळा मुलामा, नळीच्या जुन्या रंगाशी जुळत नाही, थोडं निळसर दिसतं. इतक्या वर्षांचा जुना रंग हुबेहूब आणणं अवघड असतं, तरी याहून बरं करता येईल. तेही करून देतो.

आता पैशांचं. पातं एवढंसं आहे, खरं. पण ते बाजारातून आणून बसवलेलं नाही. पोलादाच्या तुकड्यातून हाताने घडवलंय, जुन्याच खाचेत घट्ट बसेल असं. नळीला नवीन भोक नाही, डाख नाही, आच नाही. ‘भोसरीत लेथवाला तीनशेत करतो’ असं तुम्ही लिहिलंत. तो करेलही. पण १९५९ च्या शस्त्र कायद्यातल्या कलम ५ नुसार बंदुकीच्या दुरुस्तीलाही परवाना लागतो, आणि बिनपरवाना माणसाच्या हातात रिव्हॉल्व्हर दिलं तर तो गोत्यात येईलच, तुमचा परवानाही धोक्यात.

तीन महिन्यांपैकी दीड महिना निवडणुकीच्या आचारसंहितेचा. त्या काळात तुम्ही स्वतः रिव्हॉल्व्हर नेऊन पोलिस ठाण्यात जमा केलंत. पावती तुमच्याकडे असेलच. उरलेल्या दीड महिन्यातले तीन आठवडे मात्र माझेच, नाकारत नाही.

फायबरची माशी मी आजही लावणार नाही. तिच्यासाठी पातं जाड आणि पोकळ करावं लागतं. आणि मागची खाच बघा: वेब्लीत ती नळी बंद करणाऱ्या वरच्या लॅचवर (खिट्टीवर) असते, अरुंद. जाड माशी त्यात कोंबली की दोन्ही बाजूंना उजेडाची फट उरत नाही, आणि ती फटच नसेल तर डावं-उजवं कळणार कसं? खाच रुंद करायची तर मूळ लॅचला कानस लावावी लागेल. साठीनंतर डोळ्यांना माशी स्पष्ट दिसत नाही ही तुमची अडचण खरी आहे. त्यावर स्वस्त उपाय: पात्याच्या मागच्या बाजूला आधी पांढऱ्या नेलपॉलिशचा हात, वाळला की वर भडक नारिंगी. नाही आवडलं तर थिनरने पुसून टाका. वहिनींची परवानगी तेवढी घ्या.

एक विनंती. रेंजवर दर वेळी वेगळी काडतुसं वापरू नका. खडकीच्या फॅक्टरीची घेत असाल तर त्याच लॉटची घ्या. गोळीचं वजन बदललं की वर-खाली फरक पडतो. रिव्हॉल्व्हरमध्ये जड आणि संथ गोळी बहुतेक वेळा वर लागते, कारण ती नळीत जास्त वेळ असते आणि तेवढ्यात धक्क्याने तोंड उचललं जातं. काडतूस बदलत राहिलात तर मी कितीही घासलं तरी उपयोग नाही.

उतरवण्याचे आणि रंगाचे पैसे लागणार नाहीत. मंगळवार ते शनिवार, दुपारी चारनंतर मी स्वतः असतो. येताना मूळ परवाना आणि तो सहा सेंटिमीटरवाला कागद आणा. काडतुसं घरीच ठेवा, आणि काउंटरवर ठेवताना वेब्ली मधून दुमडून उघडा, काडतुसांची चक्री रिकामी दाखवूनच ठेवा.