घरातलाच आहे ना, मग मिटवून टाका!

"घरातलाच आहे ना? मग बसून मिटवा की." हे वाक्य यापुढे जो कोणी माझ्यासमोर उच्चारेल त्याला मी चहासुद्धा विचारणार नाही. आईचं बोलून झालं, मामांचं झालं, आत्याचं झालं, कर्ज देणाऱ्या कंपनीच्या कस्टमर केअरवरच्या पोराचं झालं, आणि पोलीस ठाण्यात टेबलामागे बसलेल्या हवालदारसाहेबांनीही तेच ऐकवलं. सगळे एकाच शाळेत शिकलेत की काय!

प्रकरण असं. बाबा गेल्यावर सातबाऱ्यावर वारसनोंद करायची होती. भावाने आधार-पॅनची झेरॉक्स मागितली, पासपोर्ट साइजचे फोटो मागितले. मी सगळं सही करून दिलं. सख्खा भाऊ तलाठ्याकडे कागद नेतोय, त्यात विचार कसला करायचा? नोंद झाली. आणि मग त्याच कागदांवर माझ्या नावाने एक महागडा मोबाइल हप्त्याने उचलला गेला, वर एक पर्सनल लोनसुद्धा. मला कळलं कधी? ऑफिसच्या रिसेप्शनवर फोन आला तेव्हा. "मॅडमना सांगा, हप्ते थकलेत." अख्ख्या मजल्याला माझ्याआधी कळलं.

"पण ओटीपी लागतो ना?" असं मला शहाणे लोक विचारतात. लागतो की! माझा जुना नंबर आईच्या फोनमध्ये आहे, कारण गॅस एजन्सीपासून सोसायटीपर्यंत सगळीकडे तोच दिलेला. आधारला जोडलेलाही तोच. ओटीपी आला, भावाने विचारला, आईने चष्मा लावून आकडे वाचून दाखवले. संपला विषय. पैसे जमा झाले आईच्या आणि माझ्या जोड खात्यात, ज्याचं एटीएम कार्ड बाबा गेल्यापासून भावाच्या खिशात. आता गंमत बघा. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2022 मध्ये डिजिटल कर्जांसाठी नियम काढला की रक्कम थेट कर्जदाराच्याच खात्यात जायला हवी, मधल्या कुणाच्या नाही. गेली ना! खात्यावर माझं नाव आहे. नियम अगदी काटेकोर पाळला गेला आणि मी लुटली गेले. हे सगळे नियम बाहेरच्या चोरासाठी केलेत. घरातल्या चोराकडे कागद असतात, नंबर असतो, माझी जन्मतारीख त्याला तोंडपाठ असते, आणि दार उघडायला आई असते.

आणि त्या मोबाइलच्या दुकानदाराला काय म्हणावं? समोर मिशीवाला बाप्या उभा, कागदावर बाईचं नाव, आणि कुणाला काहीच खटकलं नाही? "ताईला सरप्राइज द्यायचंय" म्हणाला म्हणे. वा रे लाडका भाऊ! सरप्राइज मिळालं खरं.

कंपनीला मेल केला तर उत्तर आलं, आमच्या रेकॉर्डप्रमाणे केवायसी पूर्ण आहे, तक्रार असल्यास एफआयआरची प्रत जोडा. ठाण्यात गेले तर म्हणे एफआयआर कशाला, एनसी म्हणजे अदखलपात्र नोंद घेतो, घरगुती बाब आहे. अहो, माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 66सी वाचा. दुसऱ्याची ओळख लबाडीने वापरली तर 3 वर्षांपर्यंत कैद आणि 1 लाखापर्यंत दंड. गुन्हा दखलपात्र आहे, मग एनसी कसली घेता? आणि आरोपी भाऊ असेल तर कलम लागू नाही असं त्यात कुठे लिहिलंय? यावर उत्तर काय, तर असल्या गुन्ह्याचा तपास पीआय म्हणजे पोलीस निरीक्षक साहेबच करतात आणि साहेब बंदोबस्ताला गेलेत. उद्या या. उद्या गेलं की साहेब मीटिंगला.

तोवर वसुलीवाले थांबतात थोडेच! सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर फोन करायचा नाही हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तो त्यांना ऐकवला की "मॅडम, एवढं कायद्याचं ज्ञान आहे तर हप्ते का भरत नाही?" भावाला एक फोन जात नाही हं. तो आरामात. कर्जदार मी आहे ना!

कर्जफेडीची पत दाखवणारा सिबिलचा स्कोअर 300 ते 900 मध्ये मोजतात. माझा इतकी वर्षं चांगला होता, क्रेडिट कार्डाचं एक बिल कधी चुकवलं नव्हतं. आता तो असा घसरलाय की घरासाठी कर्ज मागायची सोय राहिली नाही. रिपोर्टमधल्या चुकीची तक्रार 30 दिवसांत निकालात निघाली नाही तर दिवसाला 100 रुपये भरपाई, असा नियम एप्रिल 2024 पासून आहे. वाचून मला क्षणभर बरं वाटलं होतं. पण निकालात काढायची म्हणजे काय, तर कर्ज देणाऱ्यालाच विचारायचं की नोंद बरोबर आहे का. तो म्हणाला बरोबर आहे. तक्रार बंद. ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याचीच साक्ष, आणि तीही मुदतीत!

नातेवाइकांचं शहाणपण मात्र अगाध. "तू कमावतेस, भरून टाक, तो देईल हळूहळू." का भरू? मी हप्ता भरला की कर्ज माझंच आहे असं मीच लिहून दिल्यासारखं होईल. शिवाय थोडेफार देऊन सेटलमेंट केली तर तो शेरा रिपोर्टमध्ये वर्षानुवर्षं राहतो. मामा म्हणाले, "मी शब्द देतो, तो पैसे फेडेल." मी म्हटलं, "मामा, मग शब्द नको, तुमचं पॅन आणि आधार पाठवा, बघते कर्ज तुमच्या नावावर वळतं का." मामांना लगेच दुसरा फोन आला.

पण डोक्यात तिडीक गेली ती आत्याने आणलेल्या निरोपाने. भाऊ म्हणतो, ताईने जमिनीचं हक्कसोडपत्र करून दिलं तर मी सगळे हप्ते भरतो. ऐका! माझ्या नावावर चोरी करायची, आणि ती चोरी परत करण्याचा मोबदला म्हणून माझा वाटा मागायचा. 2005 पासून मुलीला मुलाइतकाच हक्क आहे, हे त्याला पक्कं माहीत आहे, म्हणून तर सही हवीय. आणि आत्या वर म्हणते, "बघ, तोही एक पाऊल पुढे आलाय." पाऊल कुणाच्या मानेवर ठेवलंय ते बघ ना, आत्या! त्याची नोकरी गेली होती, वहिनीचे दिवस भरत आले होते, सगळं मला पाठ करून दिलंय. तेव्हा मागितले असते तर दिले नसते का मी? याआधी कधी नाही म्हटलंय? त्याने मागितले नाहीत, कारण मागितलेले परत करावे लागतात.

कार्ड ब्लॉक केलं, आधार केंद्रावर रांग लावून नंबर बदलला, बायोमेट्रिक लॉक केलं, माझ्या नावावर अजून किती सिम चालतात ते संचार साथी या सरकारी पोर्टलवर तपासलं. सुट्ट्या माझ्याच गेल्या, पगार माझाच कापला.

शेवटी पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टाने लेखी तक्रार पाठवली, तेव्हा कुठे ठाण्यातून फोन आला आणि गुन्हा नोंदला गेला. त्या दिवसापासून घरात मी सुतक आणल्यासारखं वागतायत. राखीला येऊ नको असा निरोपही आलाय. येत नाही, जा! पुढच्या आठवड्यात जबाब द्यायचाय. काल आईने फोन करून विचारलं, "जबाबात माझं नाव घेणार नाहीस ना?"

ओटीपी तुझ्या फोनवर आला होता, आई. घ्यावंच लागेल.